डोलकाठीवरचा पक्षी

समुद्राला टेकलेल्या एका गावात लखमा नावाचा एक नाखवा राहत होता. माणूस कष्टाळू, समुद्राची जाण असलेला. पण एकदा मनात आले की त्याच्यापुढे कोणाचे चालायचे नाही.

गावामागच्या टेकडीवर देवाची राई होती. तिथल्या जुन्या झाडांवर धवळे नावाचे मोठे पांढरे समुद्रपक्षी घरटी करत. वर्षाला एकच अंडे, एकच पिल्लू. इतर गावांनी आपापल्या राया केव्हाच तोडल्या होत्या, त्यामुळे धवळे उरले होते ते एवढ्या टेकडीवर. दिवसभर ते खोल समुद्रात मासे धरत आणि सांज झाली की चोचीत मासा घेऊन सरळ राईकडे उडत. थंडीत समुद्रावर दाट धुके उतरले की नाखवे त्यांच्याच मागोमाग होड्या हाकत घर गाठायचे.

लखमाला पंचक्रोशीत नसेल अशी मोठी होडी बांधायची होती. तसे लाकूड फक्त राईत होते. पण देवाचा कौल घेतल्याशिवाय राईतली काडीही तोडायची नाही, असा गावाचा रिवाज होता.

गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. लखमाने परत लावायला सांगितले. पुन्हा डावीच.

"देवाला तेच तेच विचारू नये, नाखवा," गुरव म्हणाला.

"उजवी पडेपर्यंत लाव. नव्या होडीची पहिली सुरमई तुझ्या घरी."

तिसऱ्या वेळी गुरवाने डावी पाकळी अंगठ्याने जरा दाबून चिकटवली. उजवी पडली. लखमाला ते दिसले होते, पण त्याने न दिसल्यासारखे केले.

त्याचा धाकटा भाऊ गोमा कळवळून म्हणाला, "दादा, पिलं उडेस्तोवर तरी थांब!"

"पाखरांना झाडांचा काय तोटा?" असे म्हणत लखमाने कुऱ्हाड चालवली. धवळ्यांची घरटी पेलतील अशी सातच झाडे होती. सातही पडली. पिल्ले फांद्यांखाली चिरडली. त्या उघड्या जागेवर धवळे तीन दिवस ओरडत फिरले आणि मग दिसेनासे झाले. होडी मात्र देखणी झाली. सगळ्यांत उंच झाडाची तिला डोलकाठी केली.

पुढच्या थंडीत लखमा, गोमा आणि चार खलाशी खोल समुद्रात असताना धुके उतरले. हाताला हात दिसेना. सगळे माना वर करून बसले. आकाश रिकामे होते. बऱ्याच वेळाने एकच धवळा आला आणि डोलकाठीच्या टोकावर बसला. लखमाच्या जिवात जीव आला.

"उडाला की त्याच्या मागं होडी घालू," तो म्हणाला.

पण पक्षी उडेना. लखमाने टाळ्या वाजवल्या, ओरडून पाहिले, शेवटी दोर हलवला. पक्षी जागचा हलला नाही.

गोमा हलकेच म्हणाला, "दादा, ते पाखरू कुठं जाईल? त्याचं घर आपण इकडं आणलंय."

अंधार पडता पडता भरतीच्या ओढीने होडी किनाऱ्याजवळच्या खडकावर आदळली आणि फुटली. तुटलेल्या डोलकाठीला धरून लखमा सकाळी किनाऱ्याला लागला. गोमा आणि ते चौघे कधीच परत आले नाहीत.

आठवडाभराने गोमाची बायको लखमाच्या दारात आली. "दादा, देवाला कौल तरी लावा. ते येतील का, विचारा."

लखमाने मान वर केली नाही. "देवानं पहिल्याच वेळी सांगितलं होतं, बाय. मीच ऐकलं नाय."

तात्पर्य: पाखराचे घर मोडणारा माणूस आपलीही परतीची वाट मोडतो, म्हणून नकार मिळाला की पहिल्याच वेळी थांबावे.