रुमाल आणि टोपडं

आजऱ्याच्या एसटीत सगुणा तान्ह्या लेकीला घेऊन पुढच्या सीटवर टेकते न टेकते, तोच कडक इस्त्रीतले एक गृहस्थ अंगावर आले.

"ऊठ. हा रुमाल दिसला नाही? खिडकीतून मी टाकलाय. ज्याचं कापड आधी पडतं, त्याची सीट. पोरं सांभाळायचीत तर घरी बसावं."

आता आंबोलीचा घाट उभ्यानं काढायचा? सगुणानं शांतपणे लेकीचं टोपडं काढलं आणि ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटवर टाकलं.

"बसा साहेब. गाडी आता माझी लेक चालवेल."

ड्रायव्हर दाराशी उभा राहून ऐकतच होता. तो अदबीनं म्हणाला, "साहेब, नियम तुमचा. गाडी बाळाकडे देऊ, की तुम्ही रुमाल उचलताय?"

गृहस्थांनी रुमाल उचलला, त्यानंच घाम पुसला आणि घाट संपेपर्यंत दांडीला लटकून राहिले.