माशाचं तोंड

"माशाचं तोंड कुणीकडे हवं होतं, बाबा?"

म्हातारा ओलान उंबऱ्यात बसून मातीचं ढेकूळ बोटांनी फोडत होता. नदी पात्र सोडून गेली त्याला चार पिकं झाली होती. माती मळायला पाणी नव्हतं.

विचारणारा वेरू हा नगरातला सगळ्यात हुशार मुद्रा कोरणारा. हे तो स्वतःच सांगत असे, त्यामुळे इतरांना तसदी घ्यावी लागत नसे. ओलानने त्याला पहिला महिनाभर नुसतं उलटं कोरायला लावलं होतं. दगडावर उलटं, तरच मातीवर सुलट. या कामातली ही पहिली अक्कल.

नगराला राजा नव्हता. सात वडीलधारे होते. सातांचं एकमेकांशी कधी पटत नसे, पण थोरल्या मुद्रेपुढे सातही जण मान तुकवत. सात पिढ्यांपूर्वी कुणीतरी कोरलेली ती मुद्रा. एक भिंत, एक मासा. भिंत म्हणजे नगर, मासा म्हणजे नदी. मातीवर उठवली की माशाचं तोंड भिंतीकडे येई. म्हणजे नदी येते आहे.

तो ठसा दारोदारी टांगलेला होता. लोक त्याला रोज सकाळी हात जोडत. त्याच्याच आधारावर वडीलधाऱ्यांनी यंदा वेशी बंद केल्या होत्या. नदी येणार आहे, कुणी नगर सोडायचं नाही.

मुद्रा झिजली म्हणून काल ती वेरूकडे आली. नवी कोरून द्यायची होती. आज दुपारी तिचा ठसा घेऊन वेशी आणखी एक वर्ष बंद ठेवायच्या, असं ठरलं होतं.

काल संध्याकाळी वेरूने जुन्या मुद्रेची पाठ राखेने घासली. काजळी निघाली, आणि खाली एक बारीक रेघोटी दिसली. कोरणारा आधी पाठीवर कच्चं चित्र ओढून घेतो, मनात असेल तसं, सुलट. त्या चित्रात माशाचं तोंड भिंतीपासून दूर होतं.

नदी जाते आहे.

आणि पुढच्या बाजूला त्या माणसाने भिंत उलटवून घेतली होती, मासा मात्र हुबेहूब चित्रासारखाच कोरला होता. उलटवायला विसरला होता.

"शिकाऊ माणूससुद्धा करणार नाही अशी चूक," वेरू म्हणाला.

हिवाळ्यात त्याचा मेहुणा गाडी जुंपून दारात उभा राहिला होता. चला, पोरींना घेऊन निघू, म्हणत होता. तेव्हा वेशी उघड्या होत्या. वेरूनेच त्याला ठशाकडे बोट दाखवून वाटेला लावलं. पुढे विहिरीचं गढूळ पाणी पिऊन धाकटी गेली. थोरली कालपासून तापाने पडून होती. हे सगळं तो आता भडाभडा बोलला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझ्याएवढा होतो तेव्हा कळलं."

"मग वडीलधाऱ्यांना सांगितलं नाही?"

"सांगितलं..."

"काय म्हणाले?"

"त्यांनी काजळी दिली."

वेरूने हातातल्या जुन्या मुद्रेची पाठ पाहिली. मग म्हाताऱ्याची बोटं पाहिली.

"तेव्हा नदी दोन्ही काठ भरून वाहत होती," ओलान म्हणाला. "वाटलं, माझ्या हयातीत तरी चूक खरी ठरतेय..."

वेरूला त्याचा संताप आला. पण गाडीपुढे उभा राहिलेला मेहुणा आठवला, आणि संतापाहून लाज जास्त वाटली. ज्याला चूक कळली तो गप्प बसला. ज्याला कळली नव्हती त्याने लेक घालवली.

त्याने कमरेचं फडकं सोडून नवी मुद्रा काढली. रात्रभर बसून कोरली होती. मासा या वेळी नीट उलटवला होता. पण लोक मानतील का, हे त्याला कळेना. सात पिढ्या ज्याला हात जोडले ते खोटं आणि काल कोरलेलं खरं, हे सांगायचं कुठल्या तोंडाने, असं त्याने विचारलं.

म्हाताऱ्याने मुद्रा घेतली. उजेडाकडे धरून पाहिली.

"ठसा घेऊन बघू," तो म्हणाला. "पाणी दे."

वेरूच्या काखेला भोपळा लटकत होता. त्यात थोरलीपुरतं पाणी होतं, सकाळपासून तीन विहिरी फिरून मिळवलेलं. त्याने भोपळ्यावर हात ठेवला.

"नाही, बाबा."

गुरूला तो जन्मात पहिल्यांदाच नाही म्हणाला होता.

ओलानने मान हलवली. समोरची कोरडी माती तळहाताने सारखी केली, तिच्यावर मुद्रा दाबली आणि उचलली. माती भुसभुशीत, लगेच ढासळली. ना भिंत राहिली, ना मासा.

"बघ," म्हातारा म्हणाला. "आता बरोबर उमटलं."