दोरावरचे हात

"मग मी कुठला, बाबा?"

असं विचारून केरबाराव दर्ग्यातल्या विहिरीच्या कठड्यावर बसले. या माळरानानं त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिल्लीला धाडलं होतं. तिथं भांडून त्यांनी रस्ते आणले, कालवा आणला. या खेपेला निवडणुकीत पडले आणि गावी परतले.

नूरबाबा फकीर दर्ग्याचं अंगण झाडत होते. झाडतच राहिले.

"दिल्लीत रोज गाव डोळ्यांपुढं यायचं. चुलींचा धूर, घराकडं वळलेली गुरं… आता इथं आहे, तरी जीव गावाकडंच लागलाय."

"गावात बसून गावाकडं?"

"मी दिसलो की माणसं उठून उभी राहतात. पारावरचं हसणं थांबतं. हाक कुणी मारत नाही… उद्या सकाळच्या गाडीनं परत जावं म्हणतो."

बाबांनी झाडू ठेवला.

"तहान लागलीय. काढ थोडं पाणी."

केरबारावांनी पोहरा सोडला. कितीतरी वर्षांनी हातात दोर आला होता. पोहरा भरून अर्ध्यावर आला, तेवढ्यात कमरेवर घागर घेऊन त्यांच्या शेजारची म्हातारी ठकूआक्का पायऱ्या चढून आली.

केरबारावांचे हात आपसूक जुळले. चेहऱ्यावर हसू आलं.

दोरासकट पोहरा विहिरीत गेला.

आक्कानं वाकून बघितलं. मग कडाडली, "अरे केऱ्या! मत मागायला आलास का पाणी काढायला? याच कमरेवर घेऊन फिरले तुला, तेव्हा बरा गच्च धरायचास!"

केऱ्या… आई गेल्यापासून या नावानं कुणी बोलावलं नव्हतं. माफी मागायला केरबारावांचे हात पुन्हा वर आले.

"जोडू नकोस! तो गळ घे."

पडलेली भांडी काढायचा लोखंडी गळ त्याच्या दोरासकट भिंतीला टांगला होता. केरबारावांनी तो खाली सोडला. पोहरा अडकला, निसटला, पुन्हा अडकला. आक्का रागवत होती.

बऱ्याच वेळानं पोहरा वर आला. घागर भरली. "गाढव मेला," असं पुटपुटत आक्का पायऱ्या उतरून गेली.

केरबाराव तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिले. तळहात दोरानं लाल झाले होते.

"बाबा… सकाळच्या गाडीचं काय करू?"

बाबा ओंजळीनं पाणी प्याले. सावकाश तोंड पुसलं.

"ठकूला उद्याही पाणी लागेल."