सखाहरीनं पट्टा बदलला

निंबखेडे म्हणून एक गाव आहे. त्या गावात सखाहरी नावाचा एक भोळा सुतार होता. वय चाळीस, हात सोन्यासारखे, आणि डोकं जसं देवानं दिलं तसंच्या तसं, अजिबात न वापरलेलं. शेजारणीनं एकदा त्याला सांगितलं, "दुधावर नजर ठेव." त्यानं ठेवली. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली. सखाहरीची नजर काही हलली नाही.

तो लहानू मेस्त्रींच्या कारखान्यात कामाला होता. मेस्त्री नावाला लहानू. पोट पाहिलं तर दोन माणसांचं.

मेस्त्रींच्या मुलीचं, वैजूचं, लग्न ठरलं. लग्नात लागणारे सगळे पाट, चौरंग आणि वैजूला द्यायचं कपाट मेस्त्री स्वतः घरी करणार होते. तसं त्यांनी व्याह्यांना छाती ठोकून सांगितलं होतं. पण दिवस राहिले चार आणि घासायचं लाकूड ढीगभर. म्हणून मेस्त्रींनी नाशिकहून घासायचं मशीन आणलं. दोन रूळ, त्यांच्यावर काचपेपरचा रुंद पट्टा. बटण दाबलं की पट्टा गरागरा फिरतो आणि लाकूड लोण्यासारखं होतं.

सखाहरीनं वीस वर्षं हातानं लाकूड घासलं होतं. मशीन पाहून त्याला रडूच आलं.

"मेस्त्री, हे मी चालवू?"

"तूच चालव. पण मी सांगेन तसंच करायचं."

"तसंच करीन," सखाहरी म्हणाला. तो कधी खोटं बोलत नसे.

पहिल्या दिवशी मशीन सुरू केलं आणि पट्टा सटकन निसटून कोपऱ्यात जाऊन पडला. मेस्त्री म्हणाले, "सैल बसवलास. सैल पट्टा घसरतो. दिसला सैल की ओढून ताणायचा."

सखाहरीनं ते तीनदा म्हटलं. पक्कं बसलं.

दुपारी मेस्त्री जेवले. पुरणपोळी होती. जेवून ते फळ्यांवर आडवे झाले, कमरेचा पट्टा सोडला आणि घोरू लागले. सखाहरीनं पाहिलं. पट्टा सैल! आता घसरणार! तो धावला. मेस्त्रींच्या पोटावर गुडघा ठेवला, दोन्ही हातांनी पट्टा ओढला आणि शेवटच्या भोकात अडकवला.

मेस्त्री उठून बसले. तोंड उघडं, डोळे बाहेर, आवाज नाही. मेस्त्रींच्या बायकोनं, काकींनी, धावत येऊन पट्टा सोडवला तेव्हा कुठे आवाज आला.

"अरे, जीव घेतोस काय माझा?"

"सैल होता, मेस्त्री."

"काम थांबलं की पट्टा सैलच करायचा असतो! मशीनचा असो, माणसाचा असो. जो आराम करतोय त्याचा पट्टा सैल!"

"असं होय! मग चुकलंच माझं. पुन्हा असं होणार नाही."

आणि खरंच, तसं पुन्हा झालं नाही.

दुसऱ्या दिवशी काकींनी अंगणात लग्नाच्या कुरडया वाळत घातल्या. म्हणून त्यांनी भुऱ्या कुत्र्याला दाराशी बांधून ठेवलं होतं. भुऱ्या झोपला होता. सखाहरी चहा प्यायला बाहेर आला. पाहतो तर भुऱ्या आराम करतोय आणि गळ्यातला पट्टा घट्ट! बिचाऱ्या मुक्या जनावराला कोण विचारणार? सखाहरीला वाईट वाटलं. त्यानं पट्टा सैल केला. चांगला चार बोटं सैल.

भुऱ्या उठला. त्यानं मान काढून घेतली. मग तो कुरडयांवरून डावीकडे धावला, कुरडयांवरून उजवीकडे धावला, ओल्या व्हार्निशच्या चौरंगावर बसला आणि खुणा ठेवून निघून गेला.

काकींनी डोक्याला हात लावला. मेस्त्री मशीनपाशी उभे होते, ते तिथूनच ओरडले, "पट्टा मोकळा सोडलास तर तो भरकटणारच! जरा लक्ष दे! हा बघ, मशीनचा पट्टासुद्धा डावीकडे चाललाय. डावीकडे गेला की ही उजवीकडची कळ पिरगळायची. हळूहळू. मधोमध येईपर्यंत सोडायची नाही."

"सोडणार नाही," सखाहरी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी शाळेतले देवरे गुरुजी चौरंग बघायला आले. त्यांची मान दुखत होती, म्हणून डॉक्टरांनी गळ्याभोवती पांढरा पट्टा बांधला होता. तरी मान डावीकडे कललेलीच. सखाहरी त्यांच्यासमोर उभा राहिला. पट्टा आहे. डावीकडे गेलाय. त्यानं उजवीकडे कळ शोधली. उजवीकडे एक कान होता.

त्यानं तो पिरगळला.

"आई आई आई!" गुरुजी ओरडले. "सोड रे!"

"मधोमध आल्याशिवाय सोडता येत नाही, गुरुजी."

याच गुरुजींनी सखाहरीचा कान चौथीपर्यंत पिरगळला होता, पण त्याच्या मनात तसलं काही नव्हतं. तो मन लावून, हळूहळू पिरगळत होता. एकदम कट्कन आवाज झाला. गुरुजींची मान सरळ झाली. तिथे न थांबता ती उजवीकडे गेली.

"थोडी जास्त झाली," असं म्हणून सखाहरीनं डावा कान धरला.

मेस्त्रींनी त्याला मागून उचलून बाजूला केलं. "अरे, कुठल्याही पट्ट्याला असा हात घालायचाच नाही! आधी वीज बंद. मेन स्विच खाली. मगच हात! कळलं?"

"आधी वीज बंद," सखाहरी म्हणाला. "पण मेस्त्री, गुरुजींची वीज..."

"गप्प बस!"

संध्याकाळपर्यंत पाट झाले, कपाट झालं, भुऱ्यानं खराब केलेला चौरंगही पुन्हा घासून झाला. असं सुरेख काम गावानं पाहिलं नव्हतं. मेस्त्रींनी कपाटावरून हात फिरवला आणि त्यांचा राग विरघळला. मशीनवरचा पट्टा मात्र पार झिजला होता. मेस्त्री मायेनं म्हणाले, "हात लावून बघ. खरखर गेली. असा गुळगुळीत झाला की पट्टा निकामी. काढून टाकायचा, नवा चढवायचा. आणि दर वेळी मला विचारत बसू नकोस. आता तू शिकलास."

आता तू शिकलास! सखाहरी त्या आनंदात घरी गेला. जेवलासुद्धा नाही, कारण कुणी जेव म्हटलं नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडवात पंखे, भोंगा, पाहुणे, सगळं दणक्यात. आतल्या खोलीत वैजू नटत होती. खोलीच्या दारात पाटावर वैजूचा चांदीचा कमरपट्टा काढून ठेवला होता. काकींनी सखाहरीला तिथे बसवलं.

"माझ्या आजेसासूचा आहे हो हा," काकी म्हणाल्या. "बघ, चार पिढ्यांनी वापरून कसा गुळगुळीत झालाय. ह्याची काळजी तुझ्यावर." आणि त्या आत गेल्या.

सखाहरीनं हात लावून बघितला. खरखर अजिबात नव्हती. पार निकामी! आणि हा वैजूच्या कमरेला, भर लग्नात? विचारायला मेस्त्री शोधावेत असं एकदा मनात आलं. पण मेस्त्रींनीच सांगितलं होतं, विचारत बसू नकोस.

आधी त्यानं मेन स्विच खाली केला. पंखे थांबले, भोंगा गप्प झाला, आतल्या खोलीत अंधार झाला. मग त्यानं जुना पट्टा उचलून कारखान्यातल्या भुश्शाच्या पोत्यात टाकला आणि करकरीत नवा पट्टा आणून पाटावर ठेवला.

"मुहूर्त जातोय!" भटजी बाहेरून ओरडले. काकींनी अंधारात पाट चाचपला, पट्टा घेतला. आकडा काही हाताला लागेना, म्हणून तो वैजूच्या डोक्यावरून घालून कमरेवर बसवला आणि वर शेला गुंडाळला.

"आई, काहीतरी खरखर लागतंय."

"नव्या साडीची जर टोचतेच गं. चल लवकर."

मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या. सप्तपदी सुरू झाली. नवऱ्या मुलानं खास येवल्याहून आणलेला पितांबर नेसला होता. जागा थोडी, पाहुणे फार, म्हणून दोघं अगदी खेटून चालत होती. पहिल्या पावलाला वैजूचा शेला सरकला. दुसऱ्याला आवाज आला, खर्र. तिसऱ्याला, खर्र. नवरा मुलगा बाजूला सरकायला बघायचा, पण उपरण्याची गाठ त्याला परत ओढून आणायची. चौथं पाऊल, पाचवं पाऊल, खर्र, खर्र. सहाव्या पावलाला पितांबराची एक बाजू जाळीसारखी झाली. सातव्या पावलाला पितांबर खाली आला.

आधी नवऱ्याची आजी पदर तोंडाला लावून हसली, आणि तिच्यामागे सगळा मांडव हसला. नवरा मुलगा अर्ध्या चड्डीवर उभा. काकी किंचाळल्या, "अगं बाई, कमरपट्टा कुठंय?" मेस्त्री सखाहरीकडे वळले. त्यानं कारखान्याकडे बोट करून "भुश्शाचं पोतं" एवढंच सांगितलं आणि काकी तिकडे धावल्या.

व्याही लालबुंद होऊन पुढे आले. "ह्या पोरीला हा काचपेपर कुणी घातला?"

"मी," सखाहरी पुढे होऊन म्हणाला. एवढ्या माणसांत त्याच्या कामाची चौकशी आजवर कुणी केली नव्हती. "हा साठ नंबरचा आहे, जरा जास्त घासतो. जावईबापूंना मऊ पाहिजे असेल तर आत एकशेवीसचा आहे. फक्त आधी त्यांची वीज बंद करावी लागेल."