खालचा तळवा

"म्हणजे चाळिसाव्या पावलावर खड्डा खणायचा, हे नक्की?"

"अगदी नक्की, बाबा. आकड्याला आकडा जुळतोय."

इंजिनियर यशोधर कापडणीसने वही पुढे केली. रतनगीर बाबांनी ती उलटी धरली, बराच वेळ पाहिली आणि आदराने परत दिली.

बाबा बंधाऱ्यावरच्या मठीत राहत. त्यांनी एकदा पुराला दम देऊन परत पाठवलं, असं गावकरी शपथेवर सांगत. पूर तेव्हा ओसरायलाच लागला होता, एवढं मात्र कोणी सांगत नसे.

गावाचा पाट दरवर्षी गाळाने भरायचा आणि टोकाच्या शेतांना पाणी मिळायचं नाही. वाटेत एक खोल खड्डा केला, की गाळ तिथेच बसेल, पुढे नितळ पाणी जाईल, ही यशोधरची युक्ती. उद्या सकाळी साठ माणसं कुदळी घेऊन येणार होती. तो बोट दाखवील तिथे खणणार होती. गावाने त्याच्यावर एवढा भरवसा पहिल्यांदाच टाकला होता.

"जुळवलंस कसं?"

"पाटाइतकी खोल काचेची नळी घेतली. गढूळ पाणी भरलं. कण तळाला जायला किती वेळ लागतो ते मोजलं. तेवढ्या वेळात पाटाचं पाणी मुखापासून चाळीस पावलं जातं. झालं!"

"आणि नळीतलं पाणी कुठे निघालं होतं?"

"कुठेच नाही. स्थिर होतं. म्हणून तर नीट मोजता आलं."

"हं..."

बाबा उठले. बैलगाडीच्या वंगणाचा डबा घेऊन आले आणि यशोधरच्या दोन्ही तळव्यांना त्यांनी काळं वंगण चोपडलं.

"उतर पाटात. चाळिसाव्या पावलावर. एक तळवा आभाळाकडे, एक तळाकडे."

"किती वेळ?"

"दात वाजेपर्यंत."

कंबरभर पाण्यात हात बुडवणाऱ्या यशोधरला पाहून पलीकडे धुणं धुणाऱ्या पारूमावशी ओरडल्या, "अहो साहेब, भीक मागताय का आशीर्वाद देताय?"

यशोधर तसाच उभा राहिला. दात वाजल्यावरच तो बाहेर आला.

वरच्या तळव्यावर रेतीचा थर होता.

"बघा! बसतोय की नाही?"

"दुसरा दाखव."

त्याने दुसरा हात उलटा केला. तोही रेतीने भरला होता.

"हे... खालून आलं?"

"नळीत येत होतं?"

"नाही... वाहतं पाणी तळाची रेती परत वर उचलतंय."

मग त्याने स्वतःच डबा उचलला. साठाव्या पावलावर उतरला. मग शंभराव्या. दोन्ही वेळा दोन्ही तळवे भरलेलेच निघाले. ओठ जांभळे पडले, तरी तो डबा सोडीना.

"उद्या कुदळी काठावर ठेवायला लावतो," तो कुडकुडत म्हणाला. "साठही माणसांना पाण्यात उभं करतो, टोकापर्यंत. जिथे वरचा तळवा भरेल आणि खालचा कोरा राहील, तिथेच पाणी गाळ सोडतंय. खड्डा तिथे."

"हसतील तुला. म्हणतील, एवढं शिकून हेच?"

"हसू देत. चुकीचा खड्डा नाही खणू देणार."

बाबांनी डब्यात डोकावून पाहिलं.

"वंगण पुरेल ना, बाबा?"

"पुरेल. तू मात्र सगळ्यांच्या खालच्या अंगाला उभा राहा, म्हणजे त्यांचा गाळ आणि हसू, दोन्ही तुझ्याकडे वाहत येईल."