मुसेयिबची टोपी

अझरबैजानमधल्या एका डोंगरगावात मुसेयिब नावाचा मेंढपाळ राहत असे. राहत असे म्हणजे, तीस वर्षांपूर्वी. मग लढाई आली, गाव ओस पडलं आणि मुसेयिब बायकोला घेऊन दूर शहरातल्या एका खोलीत राहू लागला. निघताना त्याने घरातून एकच वस्तू उचलली होती: वडिलांची मेंढीच्या कातड्याची टोपी.

अखेर लढाई थांबली. गावाचा रस्ता खुला झाला, आणि वसंतातला नवरोजचा सण तोंडावर आला. त्या मुलखात या सणाची एक गमतीची रीत आहे. शेजाऱ्याच्या दारात आपली टोपी टाकायची आणि आडोशाला लपायचं. घरच्यांनी ती अक्रोड-मिठाईने भरून उंबऱ्यावर ठेवायची. टोपी रिकामी परत करणं म्हणजे घराला बट्टा. मुसेयिबने ठरवलं, यंदा ही टोपी आपल्याच दारात टाकायची. भरायला कोणी नसलं तरी चालेल.

सणाच्या दिवशी दोघं वेशीशी बसमधून उतरली. समोर कुरण आणि कुरणापलीकडे त्यांचं घर. छप्पर गेलेलं, भिंती मात्र उभ्या. कुरणाच्या कडेने लाल रंगाचे दगड मांडलेले होते. त्या दगडांपलीकडे जमिनीत सुरुंग असतील, हे बसमध्येच सगळ्यांना बजावलं होतं. घराकडे जायला तपासलेली वाट होती, पण लांबच्या वळशाची. मुसेयिबची बायको सनुबर नवऱ्याच्या पावलांवरून नजर काढेना.

इतक्यात डोंगरावरून वारा सुटला आणि टोपी उडाली. गडगडत गेली ती थेट कुरणात, चाळीस पावलांवर जाऊन थांबली.

मुसेयिबने दगड ओलांडायला पाय उचलला.

"अहो!" सनुबर किंचाळली.

"अगं, इथे मी रांगलोय. इथला खड्डा न् खड्डा मला ठाऊक आहे."

"खड्डे ठाऊक आहेत हो! मागाहून कोणी काय पुरलं, तेही ठाऊक आहे का?"

"बाबांची टोपी आहे ती!"

"आणि डोकं कोणाचं आहे?"

शिर सलामत तर पगडी पचास, असं आपण सहज म्हणून जातो. म्हणायला काय जातं? मुसेयिबकडे पन्नास नव्हत्या. एकच होती आणि ती डोळ्यांसमोर पडली होती. उचललेला पाय हवेतच राहिला. सनुबरने त्याचा कोट दोन्ही मुठींत घट्ट धरला. शेवटी त्याने पाय मागे घेतला, रस्त्यातच बसकण मारली आणि तो लहान मुलासारखा रडला. मग लांबच्या वाटेने तो बोडक्या डोक्याने घरी गेला.

घर तपासून झालेलं होतं. एका खोलीवर ताडपत्री बांधून दोघं तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी मुसेयिब सुरुंग काढणाऱ्यांकडे गेला. कुरणात आपली टोपी पडली आहे, एवढंच त्याने खाली मान घालून सांगितलं. परत येऊन तो रोज लांबूनच तिच्याकडे बघत बसे.

अकराव्या दिवशी सकाळी उंबऱ्यावर काहीतरी पडलं. पाहतो तर टोपी! आणि भिंतीआडून कोणाचा तरी बूट दिसत होता.

"बाहेर ये रे, दिसलास," मुसेयिब म्हणाला.

सुरुंग काढणाऱ्यांपैकी एल्चिन नावाचा तरुण पुढे आला. "टोपीपर्यंत पोचायला आम्हाला अकरा दिवस लागले, आजोबा," तो म्हणाला. "लाल दगडांपासून टोपीपर्यंतच्या चाळीस पावलांत तीन सुरुंग निघाले."

सनुबरने आतून अक्रोडांची पिशवी आणून नवऱ्याच्या हाती दिली. मुसेयिबने टोपी अक्रोडांनी काठोकाठ भरली आणि एल्चिनपुढे धरली. एल्चिनने अक्रोड आपल्या शिरस्त्राणात ओतून घेतले आणि टोपी म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवली.

तात्पर्य: जुनी ओळख म्हणजे आजची माहिती नव्हे. आपल्या घरी जातानाही वाट विचारण्यात कमीपणा नाही.