शिरंब्याच्या मेस्तांचा रिकामा कप्पा

घाट उतरून शिरंब्यात शिरलं की उजव्या हाताला मेस्तांची आळी लागते. मेस्त म्हणजे सुतार. या आळीत पिढ्यान्‌पिढ्या लिहायची मेजं घडतात. पुढची झडप खाली ओढली की तिचीच लिहायची फळी होते आणि आत लहान लहान कप्पे दिसतात. जुन्या वस्तू धुंडाळत येणारे शहरातले पाहुणे त्याला सेक्रेटरी डेस्क म्हणतात, आळीत त्याला नुसतं झडपेचं मेज म्हणतात. प्रत्येक मेजात मधला एक कप्पा रिकामा असतो. बाकीच्यांना दारं असतात, त्याला नाही. पाहुणा मेजाचं कौतुक करता करता त्यात पेन ठेवायला गेला, तर आळीतले वयोवृद्ध तातू मेस्त त्याचा हात धरतात, त्याला ओटीवर बसवतात आणि मग ही हकिकत सांगतात.

साहेबाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. रवळू मेस्त नावाचा कारागीर या आळीत राहत होता. हाताला असा गुण, की त्याने जोडलेल्या दोन फळ्यांमधून मुंगीलाही वाट मिळायची नाही म्हणे. आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा, ही त्याची खोड. घरात तो आणि त्याची आईवेगळी मुलगी भागी. तिला त्याने तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. भागी बडबडी होती. बाप रंधा मारायचा आणि ती ओटीवर बसून अखंड बोलायची. तिचा आवाज थांबला तर रवळूचा हातही थांबायचा, असं सांगतात.

तालुक्याच्या मामलेदाराने साहेबाच्या बंगल्यात झडपेचं मेज पाहिलं आणि त्याला तसंच हवंसं झालं. त्याने रवळूला बोलावून घेतलं. रवळूने मनाशी ठरवलं, साहेबाच्या मेजाला खाली बघायला लावील असं मेज घडवायचं. त्याला लाकूडही तसंच लागणार होतं, आणि तसं लाकूड एकच होतं. गावाच्या शिवेवरची जुनी शिसव.

कोकणात मोठं झाड असंच पाडत नाहीत. झाडावर कोणी ना कोणी न दिसणारा राखणदार असतो, त्याला आधी विचारावं लागतं. नारळ ठेवायचा, गावकराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं, आणि कुऱ्हाड खोडाला टेकवून घरी यायचं. सकाळी कुऱ्हाड उभी दिसली तर होकार. पडलेली दिसली तर नारळ उचलायचा आणि मुकाट्याने माघारी फिरायचं. बाबल गावकराने रीतीप्रमाणे गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ह्या झाडार जो कोण असात, त्येना दुसरो आसरो बघूचो आणि ह्यां लाकूड आमका देवचां." जमलेले म्हणाले, "व्हय म्हाराजा."

रवळूला धीर निघेना. फटफटताच तो सगळ्यांच्या आधी शिवेवर गेला. कुऱ्हाड पडलेली होती. वारा नव्हता, गुरंढोरं नव्हती. रवळू तिच्याकडे बघत राहिला. आजवर कोणी केलं नव्हतं ते मग त्याने केलं. कुऱ्हाड उचलली आणि पुन्हा खोडाला टेकवली. माणसं जमली तेव्हा तो मूग गिळून उभा होता. राखणदार राजी आहे असं समजून गावाने झाड पाडलं.

लाकूड नीट वाळलं, मेज घडलं. असं मेज पुन्हा झालं नाही, हे तातू मेस्तही मान्य करतात, आणि ते सहसा कोणाचं काम वाखाणत नाहीत. तेल-मेण लावून घासायचं काम भागी करायची. काही दिवसांनी ती म्हणू लागली, की मेजाच्या आत कोणीतरी राहतंय. रवळूने हसण्यावारी नेलं. पण चोराच्या मनात चांदणं. एका सकाळी त्याने झडप उघडली, तर मधल्या कप्प्यात शिसवीची कोवळी पानं होती. दहिवराने ओली. शिवेवर तेव्हा शिसवीचा नुसता खुंट उरला होता. रवळूने पानं चुलीत टाकली आणि कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिथे पुन्हा पानं होती.

भागी हळूहळू कमी बोलू लागली. झडपेला कान लावून बसायची. मग तिचं बोलणं अजिबात बंद झालं. एकदा दिवेलागणीच्या आधी रवळूने परसातून तिला हाक मारली. ओ आली, पण बंद मेजाच्या आतून. तो धावत आत आला. भागी मेजासमोर बसली होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. आतून आवाज आला, "बाबा, मी हंयसर आसंय."

रवळूची पाचावर धारण बसली. त्याने मेज फोडायला कुऱ्हाड उचलली, पण घाव घालणार कसा? आत पोरीचा आवाज होता. मेजाबरोबर तोही गेला तर? कुऱ्हाड टाकून तो बाबल गावकराकडे गेला आणि गाऱ्हाणं घाला म्हणून त्याचे पाय धरले. म्हाताऱ्याने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग तो म्हणाला, "चुकी सांगितल्याबिगर गाऱ्हाणां पोचूचां नाय."

सगळा गाव रवळूच्या अंगणात जमला. मेज बाहेर आणून ठेवलं, त्याच्यापुढे नारळ ठेवला. ज्या माणसाला आपली फुशारकी सांगताना कधी शब्द अपुरा पडला नाही, त्याला त्या दिवशी शब्द फुटेना. भागी त्याच्याजवळच बसली होती, आणि बापाकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती. ते बघवेना तेव्हा तो बोलला.

"कुऱ्हाड पडली हुती, म्हाराजा. मीच ती उभी केलंय. तुझो आसरो मी मोडलंय. चेडवाक सोड. तिच्या जाग्यार माका घे."

आणि त्याने शब्द दिला, की यापुढे आपल्या घराण्यात जे मेज घडेल त्यातला मधला कप्पा राखणदाराचा. त्याला दार लावणार नाही, त्यात कधी काही ठेवणार नाही. लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, पण ते हळू आवाजात. रवळूने स्वतःच्या हाताने कुऱ्हाड मेजाला टेकवली आणि सगळे आपापल्या घरी गेले.

सकाळी कुऱ्हाड उभी होती. बाबल गावकराने भागीला हाक मारली. "ओ," भागी म्हणाली, स्वतःच्या तोंडाने. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आनंदाच्या भरात गावकर वळला आणि म्हणाला, "रवळू, आयकलंस मा?"

रवळू समोर उभा होता. त्याने मान हलवली, तोंड उघडलं. ओ मेजातून आली.

मामलेदाराने ते मेज नेलंच नाही. गोष्ट त्याच्या कानावर गेली होती, आणि जिवापुढे हौस कसली? रवळू पुढे पुष्कळ वर्षं जगला. मेजं घडवत राहिला, पण त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. भागी पुन्हा बडबडी झाली. संध्याकाळी ती मेजाची झडप उघडून बसायची, बाप शेजारी रंधा मारत असायचा, आणि ती मेजाशी बोलायची. रवळू म्हातारा होऊन गेला. त्याला पोचवून माणसं परत आली तेव्हा अंगणात कोणीतरी दुःखाने त्याचं नाव घेतलं. घरातल्या मेजातून नेहमीसारखी ओ आली.

कोकणात आजोबाचं नाव नातवाला ठेवतात. पण शिरंब्याच्या मेस्तांमध्ये आजही कोणत्याच मुलाचं नाव रवळू ठेवत नाहीत. ते मेज अजून घरात आहे. पोराला अंगणातून हाक मारली तर दोन ओ येतील, आणि दुसरी ओ देणारा किती काळ कोणी हाक मारायची वाट बघत बसला होता, हे त्या आवाजातून कळेल, आणि ते घरातल्या माणसांना ऐकवणार नाही.